आतड्यांच्या शिरांतील रक्ताच्या गुठळ्या : ओळख, उपचार आणि शिक्षकाची भूमिका

प्रस्तावना

पोटदुखी ही घरोघरी परिचयाची तक्रार आहे. अपचन, पित्त, गॅस, जंत, आव, मुतखडा, अपेंडिक्स अशी तिची अनेक कारणे सांगता येतात. बहुतेक वेळा दुखणे एक-दोन दिवसांत थांबते. त्यामुळे 'पोट दुखते' हे वाक्य ऐकून कोणी फारसे घाबरत नाही. परंतु पोटदुखीचा एक प्रकार असा आहे की ज्यात रुग्ण वेदनेने तळमळतो, पण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले तर ते मऊ लागते. साध्या तपासण्यांतही विशेष काही निघत नाही. आतड्यांतून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे, हे या दुखण्याचे एक कारण असते. वैद्यकशास्त्रात या विकाराला 'मेसेन्टेरिक व्हीनस थ्रॉम्बोसिस' म्हणतात.

हा विकार विरळ आहे. आतड्यांचा रक्तपुरवठा अचानक बिघडण्याच्या एकूण प्रकारांपैकी सुमारे ५ ते १५ टक्के प्रकार शिरांतील गुठळीमुळे होतात, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. विरळ असल्यामुळेच तो लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही. वेळेत ओळखला तर तो अनेकदा केवळ औषधांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर आतड्याचा भाग सडतो आणि शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही. म्हणजेच या आजारात रुग्णाचे भवितव्य बऱ्याच अंशी पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरते. सदर लेखात या विकाराची कारणे, लक्षणे, निदान व उपचार यांची माहिती दिली असून सिल्वासा परिसरातील महाविद्यालयीन शिक्षकांना या बाबतीत काय करता येईल, याचा विचार केला आहे.

आतड्यांतील रक्ताभिसरण

शरीरात रक्तवाहिन्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणाऱ्या त्या धमन्या आणि अवयवांकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या त्या शिरा. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्यांना अनुक्रमे रोहिणी व नीला म्हणतात. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. ते पोटात मोकळे लोंबत नसून एका पातळ पडद्याने पाठीच्या बाजूस बांधलेले असते. या पडद्यातूनच आतड्याच्या धमन्या व शिरा जातात. लहान आतड्याचे आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचे रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होते. पुढे तिला प्लीहेकडून येणारी शीर मिळते आणि दोघींची मिळून प्रवेशिका नीला, म्हणजे पोर्टल व्हेन, तयार होते. ती यकृतात जाते. अन्नातून शोषलेले बहुतेक पोषक पदार्थ याच वाटेने यकृताकडे पोहोचतात. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रवेशिका नीलेतून येते.

भातशेती पाहिलेल्या माणसाला या आजाराचे स्वरूप चटकन समजते. शेतात पाटाने पाणी येत राहिले आणि बाहेर जाणारा चर मात्र बुजला, तर शेत तुडुंब भरते, बांध फुगतो आणि शेवटी रोप कुजते. शिरेत गुठळी झाल्यावर आतड्याचे असेच होते. धमनीतून रक्त येत राहते, परंतु बाहेर जाण्याची वाट बंद असते. आतड्याची भिंत सुजते आणि त्यातून पाणी आतड्याच्या पोकळीत व पोटात झिरपते. रुग्णाच्या रक्तातील पाणी कमी होऊन रक्त घट्ट होते, रक्तदाब उतरतो आणि सुजलेल्या भिंतीत नवे रक्त शिरणेही कठीण होते. अखेरीस तो भाग मरतो. धमनी एकाएकी बंद पडल्यास हेच काही तासांत घडते. शीर बंद पडल्यास सामान्यतः काही दिवस लागतात. हे काही दिवस म्हणजेच उपचाराची संधी होय.

गुठळी का होते?

जखम झाली की रक्त गोठते व रक्तस्राव थांबतो. ही शरीराची संरक्षक योजना आहे. हीच क्रिया वाहिनीच्या आत विनाकारण घडली की रोग होतो. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो यांनी १८५६ च्या सुमारास या विषयाचा पाया घातला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार गुठळीमागे तीन प्रकारची कारणे असतात : रक्ताचा वेग मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे.

आतड्यांच्या शिरांबाबत ही कारणे पुढीलप्रमाणे आढळतात.

(१) आनुवंशिक दोष : रक्त गोठण्याला लगाम घालणारी प्रोटीन-सी, प्रोटीन-एस व अँटिथ्रॉम्बिन ही द्रव्ये काहींमध्ये जन्मतः कमी असतात. काहींमध्ये 'फॅक्टर फाइव्ह लायडेन' हा जनुकीय बदल असतो. नेदरलँड्समधील लायडेन शहरात १९९४ मध्ये त्याचा शोध लागला, म्हणून त्याला हे नाव मिळाले.

(२) अस्थिमज्जेचे विकार : काही विकारांत रक्तपेशी प्रमाणाबाहेर तयार होतात. 'जॅक-टू' या जनुकातील बदल २००५ मध्ये उघडकीस आल्यापासून असे छुपे विकार रक्ताच्या चाचणीतून शोधता येऊ लागले.

(३) पोटातील इतर आजार : यकृताचा सिऱ्होसिस, स्वादुपिंडाची सूज, अपेंडिक्सचा पू, आतड्याचा दाह, कर्करोग, तसेच प्लीहा काढण्याची किंवा पोटाची अन्य शस्त्रक्रिया.

(४) स्त्रियांशी संबंधित अवस्था : गरोदरपण, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चाल आहे. शरीरातील पाणी घटल्यास रक्त घट्ट होण्यास मदतच होते, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना समजावून सांगण्यासारखे आहे.

(५) इतर : अतिउंचीवरील दीर्घ वास्तव्य हेही एक कारण आहे. हिमालयात उंचावर तैनात सैनिकांमध्ये गुठळ्यांचे विकार वाढल्याचे भारतीय सैनिकी डॉक्टरांनी नोंदविले आहे. २०२० पासूनच्या कोविड साथीतही काही रुग्णांच्या आतड्यांच्या शिरांत गुठळ्या आढळल्या.

अनेक रुग्णांत एकाच वेळी दोन कारणे एकत्र आलेली असतात. जन्मजात दोष वर्षानुवर्षे गुपचूप असतो. बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा तीव्र जुलाब असे निमित्त घडले की तो प्रकट होतो.

मुंबईतील संशोधन

या प्रकारच्या विकारांवर पश्चिम भारतात झालेले महत्त्वाचे काम मुंबईतील आहे. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी यकृताच्या शिरा व प्रवेशिका नीला बंद पडलेल्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. यकृताच्या शिरा बंद पडलेल्या रुग्णांमध्ये 'फॅक्टर फाइव्ह लायडेन' हा बदल ठळकपणे आढळला. गुठळीचे हे आनुवंशिक कारण युरोपीय लोकांपुरते मर्यादित आहे असा समज पूर्वी होता. आपल्याकडील रुग्णांतही ते शोधले पाहिजे, हे या अभ्यासाने दाखवून दिले. सिल्वासा-वापीकडील अवघड आजाराचे रुग्ण अनेकदा मुंबई किंवा सुरतेला जातात. म्हणून हे संशोधन इथल्या रुग्णांच्याही उपयोगाचे आहे.

दादरा व नगर हवेलीचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या येथील प्रमुख जमाती. या जमातींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो, ही बाब रक्तविज्ञानाच्या अभ्यासकांना दीर्घकाळापासून ठाऊक आहे. दोष आई व वडील या दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर व्यक्ती वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते.

प्रस्तुत विषयाशी सिकलसेलचा संबंध दुहेरी आहे. एक तर सिकलसेल आजारात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. दुसरे असे की, या आजाराच्या रुग्णांना मधूनमधून वेदनेचे झटके येतात आणि त्यांत पोटही दुखते. 'हे नेहमीचेच दुखणे' असे रुग्ण, घरचे आणि कधीकधी दवाखान्यातील माणसेही समजून चालतात. अशा रुग्णाचे दुखणे या वेळी नेहमीपेक्षा वेगळे आहे का, अधिक दिवस टिकले आहे का, उलटीत किंवा शौचात रक्त आहे का, हे प्रश्न अगत्याने विचारले पाहिजेत.

येथील समाजजीवनाचाही विचार करावा लागतो. कारखान्यांतील कामगारांत परप्रांतातून एकटे आलेले तरुण बरेच आहेत. खोलीत आजारी पडलेल्या अशा तरुणाजवळ घरचे कोणी नसते. पाळी बुडू नये म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन तो कामावर जातो. दुधनी, मांदोनीकडच्या डोंगराळ पाड्यांवरून सिल्वासाला यायचे तर वाहनाची सोय पाहावी लागते. श्री विनोबा भावे सिव्हिल रुग्णालय हे प्रदेशाचे मुख्य शासकीय रुग्णालय आहे. सिल्वासातील वैद्यकीय महाविद्यालयात २०१९ पासून अध्यापन सुरू झाले आणि नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था या नावाने त्याच्या संकुलाचे उद्घाटन २५ एप्रिल २०२३ रोजी झाले. वैद्यकीय सोयी पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. रुग्ण तेथे केव्हा पोहोचतो, हा प्रश्न मात्र उरतोच.

लक्षणे : वेदना आणि तपासणी यांतील तफावत

या विकाराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे पोटाच्या मध्यभागी होणारी, बहुधा कळा येणारी वेदना. वेदना तीव्र असते, पण सुरुवातीला पोट कडक झालेले नसते. रुग्ण सांगतो ते आणि हाताला लागते ते जुळत नाही. अशी तफावत दिसली की रुग्ण 'नाटक करतो' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी रक्तवाहिन्यांचा विचार करावा, अशी शिकवण शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना दिली जाते.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात २००१ मध्ये या विकाराचा सविस्तर आढावा आला होता. त्यानुसार सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण रुग्णालयात येतात तेव्हा त्यांचे दुखणे ४८ तासांहून अधिक काळ चाललेले असते. मळमळ, उलटी, भूक मंदावणे, जुलाब किंवा मलावरोध ही अन्य लक्षणे होत. सुमारे १५ टक्के रुग्णांत शौचात रक्त डोळ्यांना दिसते. जवळजवळ निम्म्या रुग्णांत ते केवळ चाचणीतून कळते.

पुढील खुणा धोक्याच्या आहेत : ताप येणे, पोट फुगून लाकडासारखे कडक होणे, हात लावताच किंवा हात काढताना असह्य दुखणे, नाडी जलद होणे, घाम येऊन अंग गार पडणे. आतडे मेल्याची किंवा फुटण्याच्या बेतात असल्याची ही लक्षणे आहेत. तेथे घटकेचाही विलंब परवडत नाही.

सर्वच रुग्णांत आजार इतका झपाट्याने वाढत नाही. काहींमध्ये तो आठवडेच्या आठवडे मंद दुखण्याच्या रूपाने चालतो. काहींमध्ये शीर हळूहळू बंद होते आणि रक्त आजूबाजूच्या लहान शिरांतून वाट काढते. अशा व्यक्तीला पोटदुखी जाणवतही नाही. पुढे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, तेव्हा मूळ विकार उघडकीस येतो.

वेदनेची भाषा

रुग्णाचे दुखणे डॉक्टरांपर्यंत शब्दांतूनच पोहोचते. सिल्वासात एकाच रुग्णालयात मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, वारली व कोकणी बोलणारे रुग्ण येतात. मराठीत कळ, मुरडा, चमक, ठणका, आग, जडपणा या शब्दांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. उर्दूत दर्द, मरोड, जलन व टीस यांचे अर्थही एक नाहीत. गुजराती माणूस 'चूंक' म्हणतो. 'मुरडा' किंवा 'मरोड' हा शब्द कानी पडला की ऐकणाऱ्याच्या मनात आधी आव येते. त्याबरोबर शौचात रक्त असल्याचे कळले तर 'रक्ती आव' हे निदान जवळजवळ ठरूनच जाते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु आवेच्या औषधाने दोन दिवसांत उतार पडला नाही आणि कळा वाढतच राहिल्या, तर तो शब्द बाजूला ठेवून दुखण्याचा नव्याने विचार व्हायला हवा.

'गॅस झाला' हा शब्दप्रयोग तर सर्व भाषांत शिरला आहे. छातीपासून ओटीपोटापर्यंतच्या कोणत्याही तक्रारीला तो लावला जातो. त्यामुळे डॉक्टरांना सांगताना रोगाचे नाव सांगण्याऐवजी दुखण्याचा इतिहास सांगावा : कधी सुरू झाले, नेमके कुठे आहे, सतत आहे की येऊन-जाऊन, कालच्यापेक्षा आज वाढले की कमी झाले, खाल्ल्यावर काय होते. लाजेपोटी न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही स्पष्ट सांगाव्यात. शौचाचा रंग, गर्भनिरोधक गोळ्या, मद्यपान आणि घरात पूर्वी कोणाच्या पायात किंवा फुफ्फुसात झालेली गुठळी यांचा त्यांत समावेश होतो.

नाभी सरकली किंवा 'पेचोटी खसली' असे समजून पोट चोळणे, तसेच पोटावर डाम देणे हे प्रकार काही ठिकाणी आजही चालतात. सुजलेल्या, कमजोर झालेल्या आतड्यावर जोर देणे धोक्याचे आहे आणि त्यात जाणारा वेळ त्याहून धोक्याचा आहे. हे सांगताना लोकांच्या समजुतींची टिंगल करू नये. 'आधी रुग्णालयात दाखवू' एवढे पटवून दिले तरी पुरेसे आहे.

निदान

पोटाचा साधा एक्स-रे या विकारात बहुधा काही सांगत नाही. रक्ताच्या चाचण्याही सुरुवातीला फसव्या ठरू शकतात. रक्तातील लॅक्टेट वाढते, ते अनेकदा आतड्याला बरीच इजा झाल्यानंतर. डॉप्लर सोनोग्राफीने मोठ्या शिरेतील गुठळी दिसू शकते, परंतु पोट वायूने फुगलेले असेल तर चित्र स्पष्ट येत नाही.

सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला पोटाचा सिटी स्कॅन. यात शिरेतील गुठळी, आतड्याच्या भिंतीची सूज व पोटातील पाणी दिसते आणि दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत निदान होते. रंगद्रव्य शिरांत पोहोचेल अशा वेळी चित्रे घ्यावी लागतात. त्यामुळे 'रक्तवाहिन्यांचा संशय आहे' ही सूचना डॉक्टरांकडून क्ष-किरण विभागाला आधी गेलेली असावी. मूत्रपिंडाचा विकार, रंगद्रव्याची अॅलर्जी व गरोदरपण यांची माहिती नातेवाइकांनी स्वतःहून द्यावी.

उपचार

बॉस्टनचे शल्यविशारद इलियट यांनी १८९५ मध्ये आतड्याच्या वाहिन्या बंद पडून सडलेल्या आतड्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन केले. शिरांतील गुठळी हा धमन्यांच्या विकाराहून वेगळा आजार असल्याचे वॉरेन व एबरहार्ड यांनी १९३५ मध्ये मांडले. तोपर्यंत शस्त्रक्रियेखेरीज उपाय नव्हता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या १९१६ मधील प्रयोगांतून हेपरिनचा शोध लागला आणि १९३० च्या दशकात ते रुग्णांना दिले जाऊ लागले. या औषधाने आजाराचे स्वरूपच पालटले.

आज उपचाराचा क्रम साधारणतः असा असतो. निदान होताच हेपरिनचे इंजेक्शन सुरू केले जाते. त्याने गुठळीची वाढ थांबते आणि शरीराला ती विरघळविण्यास अवसर मिळतो. शौचात थोडे रक्त असले तरी हेपरिनचा लाभ सहसा अधिक ठरतो. याचा निर्णय अर्थातच डॉक्टर घेतात. तोंडाने खाणेपिणे थांबवून आतड्याला विश्रांती दिली जाते, शिरेवाटे द्रव भरून काढला जातो, गरजेनुसार नाकातून नळी घालतात आणि प्रतिजैविके देतात. आतडे जिवंत असेल तर पुष्कळ रुग्ण एवढ्यानेच सुधारतात. मोठ्या केंद्रांत निवडक रुग्णांमध्ये बारीक नळी शिरेपर्यंत नेऊन गुठळी विरघळविण्याचाही उपाय करतात.

पोट कडक झाले असेल किंवा आतडे मेल्याची चिन्हे असतील तर शस्त्रक्रिया अटळ ठरते. मेलेला भाग काढावा लागतो, परंतु आतडे शक्य तितके वाचवायचे असते, कारण फार कमी आतडे उरले तर अन्नाचे शोषणच होत नाही. कोणता भाग वाचेल याची शंका असल्यास २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून पाहतात. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिली फसल्याचे लक्षण नसून पूर्वनियोजित भाग आहे, हे नातेवाइकांना आधी समजलेले असावे. अलीकडच्या काळात या विकारातील मृत्यूचे प्रमाण साधारण १० ते २० टक्क्यांपर्यंत खाली आले आहे. लवकर होणारा सिटी स्कॅन आणि तत्काळ सुरू होणारे हेपरिन ही त्याची प्रमुख कारणे होत.

हेपरिनविषयी एक प्रश्न

आज वापरले जाणारे हेपरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. ही माहिती मिळाल्यावर मुस्लिम कुटुंबांत संकोच निर्माण होणे स्वाभाविक आहे. शाकाहारी कुटुंबांतही प्राणिजन्य औषधाविषयी प्रश्न उठतो. आणीबाणीच्या क्षणी ही चर्चा सुरू झाल्यास मौल्यवान तास जातात. म्हणून तिचे उत्तर आधी ठाऊक असणे बरे.

जीव वाचविण्याच्या निकडीत निषिद्ध वस्तूंबाबत सवलत आहे, हे तत्त्व इस्लामी न्यायशास्त्रात सर्वमान्य असून सूरह बकरहच्या १७३ व्या आयतीचा त्यासाठी आधार घेतला जातो. राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह अकादमीने मक्का येथे डिसेंबर २००३ मध्ये झालेल्या आपल्या १७ व्या अधिवेशनात नेमका हेपरिनचाच विचार केला. पुरेसा गुणकारी असा अनुमत पर्याय नसेल किंवा पर्यायाने उपचार लांबत असेल तर हे औषध घेता येईल, मात्र गरजेपुरतेच घ्यावे आणि शुद्ध पर्याय निश्चित मिळाल्यास तो स्वीकारावा, असा त्या ठरावाचा आशय आहे. फॉन्डापॅरिनक्स हे पूर्णतः रासायनिक पद्धतीने बनविलेले औषध २००१ पासून उपलब्ध आहे. ते प्रत्येक रुग्णाला चालतेच असे नाही. मूत्रपिंड अशक्त असल्यास ते टाळावे लागते. रुग्णाने आपली इच्छा डॉक्टरांना जरूर सांगावी, पण पर्यायाच्या शोधात पहिली मात्रा रोखून धरू नये.

घरी गेल्यानंतर

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे उपचार संपले असे नाही. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून तोंडाने घेण्याचे औषध सुरू राहते. कारण तात्पुरते असेल, उदाहरणार्थ शस्त्रक्रिया, तर साधारण ३ ते ६ महिने. आनुवंशिक दोष असेल किंवा कारणच सापडले नसेल तर बहुधा दीर्घकाळ, कधी आयुष्यभर. वॉरफेरिन हे त्यातील जुने औषध. ते १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. त्याचा परिणाम 'आय.एन.आर.' या चाचणीने मोजतात. हा आकडा सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. रिव्हारॉक्साबॅन, अॅपिक्साबॅन यांसारख्या नव्या औषधांना या चाचणीची गरज नसते, परंतु काही रुग्णांना ती चालत नाहीत.

या औषधांना 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द दिशाभूल करतो. रक्त पातळ होणे म्हणजे अशक्तपणा, असा अर्थ सामान्य माणूस घेऊ शकतो आणि थकवा वाटला की गोळी सोडू शकतो. वस्तुतः या औषधाने रक्त पातळ होत नाही. ते गोठण्याची क्रिया मंदावते एवढेच. म्हणून 'गुठळी रोखणारी गोळी' असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

वॉरफेरिन घेणाऱ्याने मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या सोडण्याची गरज नाही. त्यांचे प्रमाण मात्र रोज सारखे ठेवावे. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, नवी प्रतिजैविके किंवा जडीबुटीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हिरड्यांतून रक्त येणे, काळे शौच किंवा डोक्याला मार लागल्यास लगेच रुग्णालय गाठावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण वॉरफेरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते. रमजानमध्ये रोजे ठेवू इच्छिणाऱ्या रुग्णाने महिना सुरू होण्यापूर्वी सल्ला घ्यावा. औषधाची वेळ इफ्तारला जुळविणे काहींना शक्य असते, परंतु दिवसभर पाणी न पिणे प्रत्येकाला मानवेलच असे नाही.

महाविद्यालयीन शिक्षकाचे काम

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. मात्र विद्यार्थी, वसतिगृह आणि पालक यांच्याशी त्याचा रोजचा संबंध असतो. त्या नात्याने पुढील गोष्टी सहज करता येतात.

(१) विद्यार्थ्याचे पोट एक दिवसाहून अधिक काळ तीव्र दुखत असेल किंवा दुखणे वाढत असेल, तर त्याला गोळी देऊन वर्गात बसवू नये. रुग्णालयात पाठवावे आणि सोबत कोणीतरी द्यावे.

(२) दुखण्याचा इतिहास एका कागदावर तारीख-वेळेसह लिहून द्यावा. भाषेची अडचण असेल तर दुभाषाची सोय करावी. वारली किंवा कोकणी बोलणारा वर्गमित्र या कामी फार उपयोगी पडतो.

(३) एकदा 'काही नाही' म्हणून परत पाठविलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी तसाच विव्हळत असेल तर त्याला पुन्हा न्यावे. 'रक्तवाहिनीचा दोष असू शकेल का?' हा प्रश्न नम्रपणे विचारण्यात कोणाचा अवमान होत नाही.

(४) सिकलसेल तपासणीची माहिती विद्यार्थ्यांना द्यावी. वाहक असणे हा कलंक नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे.

(५) गुठळी रोखणारी औषधे घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या चाचणीचा दिवस परीक्षेत किंवा हजेरीत आड येऊ देऊ नये.

समारोप

आतड्यांच्या शिरांतील गुठळी हा विरळ विकार आहे. एखाद्या शिक्षकाच्या संपूर्ण सेवाकाळात त्याच्या परिचयात असा एखादाच रुग्ण येईल किंवा एकही येणार नाही. पण जो येईल तो बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन, घराचा आधार असलेला माणूस असेल. त्याच्या पोटाला हात लावल्यावर फारसे काही आढळणार नाही आणि त्याचे म्हणणे खरे मानण्याखेरीज दुसरा पुरावा सुरुवातीला हाती नसेल. त्या वेळी त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवून त्याला त्याच दिवशी योग्य तपासणीपर्यंत पोहोचविणे, यावरच त्याचे आतडे आणि पुष्कळदा त्याचा जीव अवलंबून असतो.